तीन चकत्या आणि एक ठिपका

चिंचणीला मामाकडे गेलं की आधी समुद्राचा वारा लागतो आणि मग मामाचा एखादा प्रश्न. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गेले, तेव्हा प्रश्न ओसरीत भिंतीला टेकून उभाच होता. सात नवे सपाट पत्रे. पडवीच्या पश्चिम बाजूला झड अडवायला लावलेल्या जुन्या पत्र्यांची गंजून चाळण झाली होती. पाऊस यायच्या आत हे चढवायचे होते. मामाने एका पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दुकानदार सांगतो, दोनशे पंचाहत्तरचा आहे. तू रोज जस्त मोजतेस. सांग, आहे का?"

दोनशे पंचाहत्तर म्हणजे एक चौरस मीटर पत्र्यावर, दोन्ही बाजू मिळून, २७५ ग्रॅम जस्त. एका बाजूला त्याच्या निम्मं. जाडीत बोलायचं तर एका अंगाला १९ मायक्रॉनचा थर. १२० चा पत्रा असेल तर तोच थर साडेआठ मायक्रॉनच्याही आत. दोन्ही पत्रे सारखेच चकाकतात, हाताला सारखेच लागतात. स्क्रू गेजने जाडी मोजावी तर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात दोहोंतला फरक एका मिलिमीटरच्या पंचेचाळिसाव्या भागाएवढा, आणि तेवढा फरक लोखंडाच्या जाडीतच असू शकतो.

"नुसतं बघून नाही सांगता येणार," मी म्हणाले.

"आणि मोजून?"

"मोजायचं कसं, यावर तुझं-माझं कधी जमलंय का?"

मामाने बोईसरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. काम एकच, पत्र्यावर बसलेल्या जस्ताचं वजन काढायचं. मीसुद्धा दुसऱ्या एका कारखान्यात तेच करते. त्याच्या हातात काटा आणि ॲसिड होतं, माझ्याकडे क्ष-किरणांचं गेज आहे. आमच्या घरात सणावाराला या विषयावर वाद झाला नाही असं वर्ष आठवत नाही. या खेपेला मात्र वाद समोर उभ्या असलेल्या पत्र्यावरून निघाला होता.

मामी कोकम सरबताचे पेले ठेवून गेली. मामाने सुरुवात केली.

"माझ्या पद्धतीत लपवाछपवी नाही. कॉइलच्या टोकाला तीन चकत्या काढायच्या. एक डाव्या कडेजवळ, एक मधोमध, एक उजव्या कडेजवळ. ऐंशी मिलिमीटर व्यासाची चकती, पंच मारून काढलेली. तेलाचा अंश राहू नये म्हणून पुसायची, वाळवायची, काट्यावर ठेवायची. मग हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात इनहिबिटर घातलेलं. म्हणजे जस्त जाईल पण खालच्या लोखंडाला ॲसिड हात लावणार नाही. चकती आत सोडली की फेस उसळतो. जस्त सरत आलं की फेस मंदावतो, आणि एका क्षणी थांबतो. तो क्षण डोळ्याने बघायचा असतो. मग बाहेर काढ, धू, वाळव, परत काट्यावर. पहिल्या वजनातून दुसरं वजा केलं की उरलं ते जस्त. यात अंदाज कुठे आहे, दाखव."

"अंदाज चकतीत नाहीच रे. २७५ च्या पत्र्याच्या तुझ्या चकतीवर जस्त किती असायचं?"

"एक पूर्णांक अडतीस ग्रॅम." त्याला आठवावंसुद्धा लागलं नाही.

"एक मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं तरी उत्तरात फरक किती, चौरस मीटरला ०.२ ग्रॅमचा. त्या चकतीबद्दल तू सांगशील ते मी डोळे मिटून मानेन. पण कॉइल केवढी असते? सव्वा मीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड, दहा टनांची कॉइल धर. उलगडली तर दोन हजार मीटर. म्हणजे अडीच हजार चौरस मीटर पत्रा. तुझ्या तिन्ही चकत्या मिळून त्याचे दहा लाखांत जेमतेम सहा भाग. तेवढ्यावर तू अख्ख्या कॉइलच्या दाखल्यावर सही करायचास."

"शितावरून भाताची परीक्षा करतातच की."

"भात एका भांड्यात, एका आचेवर शिजतो. पत्र्याचं तसं नाही. ४६० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडून पत्रा वर येतो, मिनिटाला शंभर मीटरने. वर दोन्ही बाजूंना एअर नाइफ. हवेची ती धार जास्तीचं जस्त निपटून परत पॉटमध्ये पाडते. हवेचा दाब थोडा उतरला, थर जाड. लाइनचा वेग वाढला, थर जाड. पत्रा फडफडून एका धारेच्या जवळ सरकला, एक बाजू पातळ आणि दुसरी जाड. तुझी चकती कॉइल संपल्यावर निघते. मधल्या दोन हजार मीटरमध्ये काय काय घडून गेलं, ते चकतीला ठाऊकच नसतं."

मामा पेल्यातला बर्फ हलवत राहिला. मग त्याने नेहमीचा प्रश्न काढला. तो प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर लपवण्यासारखं नाही.

"बरं. तुझं यंत्र जस्त तोलतं का?"

"नाही."

"मग काय करतं?"

"ऐकतं."

हे त्याला मी आधीही सांगितलं होतं, पण तुकड्यातुकड्याने. या वेळी नीट सांगितलं. गेजच्या हेडमधून क्ष-किरण पत्र्यावर पडतात. जस्ताच्या अणूत ते अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. रिकाम्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना स्वतःचा एक क्ष-किरण सोडतो. जस्ताच्या त्या किरणाची ऊर्जा ठरलेली असते, ८.६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. लोखंडाचा किरण ६.४० चा. हेन्री मोझ्ली नावाच्या इंग्रज तरुणाने १९१३ मध्ये एकेका मूलद्रव्याचे हे किरण मोजून त्यांची पायरी लावून दाखवली. दोन वर्षांनी, सत्तावीस वर्षांचा असताना, तो गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून मेला. त्याने लावलेल्या पायरीवर आमचं गेज आजही उभं आहे. पत्र्यावर जस्त जितकं जास्त, तितके जस्ताचे किरण जास्त येतात आणि खालच्या लोखंडाचे कमी, कारण लोखंडाचा किरण वर येता येता जस्तात विरतो. गेज हे किरण मोजतं आणि त्यावरून जस्ताचं वजन सांगतं.

"म्हणजे एका बाजूने जस्ताचा आवाज ऐकायचा आणि दुसऱ्या बाजूने लोखंडाचा आवाज किती दबला ते बघायचं," मामा म्हणाला. त्याची मांडणी माझ्यापेक्षा सरळ होती.

"हो. पण थर फार जाड झाला की तळाच्या जस्ताचा आवाज वरच्या जस्तातच अडकतो. आकडा हळूहळू वाढेनासा होतो. १२० ते २७५ पर्यंत गेज चोख बोलतं. त्याच्या पुष्कळ वर गेलं की त्याचं ऐकताना सावध राहावं लागतं."

"आणि ते ॲल्युमिनियम मिसळलेले पत्रे? आजकाल तेच खपतात."

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. त्या लेपात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, साडेत्रेचाळीसच्या आसपास जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. ॲल्युमिनियमचा किरण फक्त दीड किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. एक-दोन सेंटिमीटर हवा ओलांडता ओलांडताच तो बहुतेक संपतो. "म्हणजे लेपातला निम्म्याहून जास्त भाग गेजला ऐकूच येत नाही," मी कबूल केलं. "लेपातलं प्रमाण ठरलेलं आहे असं धरून आम्ही जस्तावरून आणि लोखंडावरून बाकीचं काढतो. पॉटमधलं प्रमाण सरकलं, तर गेज चुकेल आणि चुकतंय हे त्याला कळणारही नाही."

"माझ्या ॲसिडला कळतं. त्याच्या लेखी जे विरघळलं ते वजन."

"तुझ्या ॲसिडला जस्त आणि ॲल्युमिनियम यांतला भेद कुठे कळतो? आणि भट्टीत तापवून जस्तात लोखंड मुरवलेला पत्रा असेल, गाड्यांसाठी करतात तो, तर लेपातलं ते दहा टक्क्यांच्या आसपासचं लोखंडही तू लेपातच धरतोस."

"लेपातच आहे ते. धरायलाच हवं."

इथे त्याचंच बरोबर होतं. ग्राहकाला विकलेला लेप म्हणजे लोखंडावर चढलेला सगळा लेप, आणि भारतीय मानकातही तोलून, विरघळवून, पुन्हा तोलण्याची रीत आहे ती याच अर्थाने.

मग मामाने मर्मावर बोट ठेवलं. "तुझ्या गेजला दोनशे पंचाहत्तर म्हणजे किती हे पहिल्यांदा कोणी शिकवलं?"

"नमुन्यांनी. ठरलेल्या वजनाचे नमुने समोर धरायचे, किती किरण आले ते लिहून ठेवायचं, त्यावरून रेषा आखायची."

"त्या नमुन्यांचं वजन कोणी ठरवलं?"

"त्यांच्या शेजारचे तुकडे ॲसिडमध्ये विरघळवून."

"मग झालं तर!" त्याने मांडीवर थाप मारली.

मामा इथे वाद जिंकल्यासारखा थांबतो. आपल्या काट्याच्या खांद्यावर गेज उभं आहे, तर गेजचा शब्द काट्याहून मोठा कसा, असं त्याचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे. काट्याने शिकवलं हे खरं, पण गेज जिथे बघतं तिथे काटा कधी पोचलाच नव्हता. पत्र्याच्या वर एक हेड, खाली एक. दोन्ही रुंदीभर येरझारा घालतात. हेड या कडेवरून त्या कडेला तीस सेकंदांत जातं असं धरलं, तर तेवढ्यात पत्रा पन्नास मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे पत्र्यावर हेडच्या वाटेची एक लांबलचक तिरपी रेघ उमटते, मग उलटी, मग परत.

"थांब," मामा म्हणाला. "ठिपका केवढा?"

"पाच सेंटिमीटर धर."

त्याने जमिनीवर बोटाने हिशोब केला. सव्वा मीटरमध्ये पाच सेंटिमीटर. "म्हणजे शंभरात चार. तुझं यंत्रही सगळं बघत नाही. शहाण्णव टक्के पत्रा त्याच्या नजरेतून सुटतो."

"दहा लाखांत सहापेक्षा शंभरात चार बरे की नाही?"

"बरे. पण तू दरवेळी 'गेज अख्खी कॉइल बघतं' म्हणतेस. ते म्हणू नकोस."

तेव्हापासून मी म्हणत नाही.

त्या चार टक्क्यांतही एक अडचण आहे, आणि तिच्याकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही. किरण पावसाच्या थेंबांसारखे येतात, एकसारखे नाही. एका सेकंदात दहा हजार मोजले, तर पुढच्या सेकंदात पत्रा तोच असूनही शंभरेक कमी-जास्त भरतील. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर. म्हणजे नुसत्या मोजणीतच एक टक्क्याची थरथर. दहा लाख मोजले तर थरथर एक हजाराची, ०.१ टक्का. पण दहा लाख मोजायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पत्रा कुठच्या कुठे गेलेला असतो. स्थिर आकडा हवा तर बारीक चढउतार पुसले जातात. चढउतार हवेत तर आकडा थरथरतो. गेजवर बसलेल्या माणसाला रोज या दोहोंच्या मधली जागा निवडावी लागते, आणि ती निवड कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नसते. लाइन, पत्रा, ग्राहक, तिन्ही बघून ती हाताला शिकवावी लागते.

कागदाला लेप देणाऱ्या गिरण्यांत याहून कठीण प्रकार असतो. तिथे क्रिप्टॉन-८५ मधून निघणारे बीटा कण कागदातून पार जातात. लेपाआधी एक गेज, लेपानंतर दुसरं, आणि वजाबाकी म्हणजे लेप. साठ ग्रॅमच्या कागदावर दहा ग्रॅमचा लेप, आणि दोन्ही गेज अर्धा अर्धा टक्का चुकली, तर लेपाच्या आकड्यात सहा-सात टक्क्यांपर्यंत खोट येऊ शकते. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दोन मोठ्या वजनांतून लहान वजन काढणं हा माझाही धंदा होता. म्हणून तर काटा मिलिग्रॅमचा लागायचा."

उन्हं पडवीत आली. मामाने पत्रे सावलीत सरकवले. मी एक टोक धरलं. तेव्हा त्याने न बघताच विचारलं, "कधी फसलीस का?"

फसले होते. घरात कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. किरण आत-बाहेर जातात त्या हेडच्या खिडकीवर एक पातळ पडदा असतो. गेल्या वर्षी त्यावर जस्ताची बारीक धूळ बसली. गेजला धूळ कुठली आणि पत्रा कुठला हे कळत नाही. धुळीतलं जस्तही त्याने पत्र्याच्या खात्यात धरलं. आकडा वर गेला. आकडा वर म्हटल्यावर कंट्रोलने एअर नाइफचा दाब वाढवला आणि पत्र्यावरचं जस्त उतरत गेलं. कंट्रोलच्या स्क्रीनवर सगळं हिरवं. तीन कॉइल अशा गेल्या. लॅबमधल्या मुलीच्या चकत्या २६२ आल्या तेव्हा उलगडा झाला. दर शिफ्टला हेड पत्र्यावरून बाजूला नेऊन ठरलेल्या नमुन्यासमोर उभं करायचं असतं. केलं असतं तर धूळ लगेच कळली असती. त्या आठवड्यात कामाच्या घाईत ते दोनदा राहिलं, आणि "पुढच्या शिफ्टला बघू" म्हणणारी मीच होते. त्या कॉइल खालच्या ग्रेडमध्ये काढाव्या लागल्या.

मामा लगेच काही बोलला नाही. पत्रे भिंतीला नीट लावून झाल्यावर म्हणाला, "माझंही एक आहे. एअर नाइफच्या फटीत जस्ताचा एक शिंतोडा अडकला होता. तेवढ्या जागी धार कमी, म्हणून पत्र्यावर लांबच लांब जाड रेघ. डाव्या कडेपासून वीतभर आत. माझी डावी चकती रेघेच्या अलीकडे, मधली पलीकडे. तिन्ही चकत्या उत्तम. मी सही केली. कॉइल गुंडाळताना ती रेघ वेढ्यावर वेढा चढत गेली, तिचा उंचवटा झाला आणि पत्रा ताणून त्याला वळ पडले. ग्राहकाने ट्रकभर माल परत धाडला. तुझ्या गेजने ती रेघ पहिल्या फेरीत दाखवली असती."

"दाखवली असती."

"आणि तुझी धूळ माझ्या चकतीने पकडली."

"हो."

दोघांनाही एकमेकांचं हे मान्य होतं. तरी वाद संपला नाही, कारण खरा वाद मोजण्याच्या रीतीचा नव्हताच. तो पुढे निघाला.

"आता मनातलं सांगतो," मामा म्हणाला. "आमच्या वेळी चकतीचं उत्तर यायला अर्धा-पाऊण तास जायचा. तोवर लाइन काय करते आहे हे कोणाला ठाऊक नसायचं. म्हणून २७५ मागितलं की आम्ही ३०० च्या आसपास ठेवायचो. कमी पडायला नको. ते पंचवीस ग्रॅम ग्राहकाला फुकट मिळायचे. तुमचं गेज आलं आणि तुम्ही २७७-२७८ वर पत्रा काढायला लागलात. नियमात बसतं, मान्य. पण लोकांच्या छपरावरचं जस्त कमी झालं ते झालंच."

हे ऐकून मी कधी गप्प बसत नाही. "त्या पंचवीस ग्रॅमचा हिशोब कर. शंभर मीटर मिनिटाला, सव्वा मीटर रुंदी. मिनिटाला सव्वाशे चौरस मीटर. गुणिले पंचवीस म्हणजे मिनिटाला तीन किलोहून जास्त जस्त. दिवसाला साडेचार टन. खाणीतून काढलेलं, वीज जाळून शुद्ध केलेलं जस्त, 'चुकून कमी पडेल' या भीतीपोटी रोज साडेचार टन."

"भीतीपोटी का असेना, ते कोणाच्या तरी घरावर पडत होतं. पॉटमध्ये तर राहत नव्हतं."

"आणि त्याने त्या घराला किती दिवस मिळत होते? दोन्ही बाजूंना वाटलं की एका बाजूला साडेबारा ग्रॅम. पावणेदोन मायक्रॉन. समुद्रकाठच्या हवेत जस्त वर्षाला साधारण दोन ते चार मायक्रॉन झिजतं. तुझे ते पंचवीस ग्रॅम पाच ते दहा महिने पुरायचे, मामा. इथे, या पडवीला, एक पावसाळा."

तो जरा वेळ गप्प राहिला. त्याच्या मनात ते पंचवीस ग्रॅम बरीच वर्षं टिकणारे होते, असं मला वाटतं.

"एक पावसाळा म्हणजे कमी का?" शेवटी तो म्हणाला. "ज्याला दर चार वर्षांनी पत्रा बदलणं परवडत नाही, त्याला विचार."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. मी एवढंच म्हणाले की जादा जस्त द्यायचंच तर ते आकड्यात लिहून द्यावं. ३५० चा पत्रा म्हणून काढावा, म्हणून विकावा, ज्याला हवा त्याने घ्यावा. मोजता येत नव्हतं म्हणून जे पदरात पडलं, ते ग्राहकाचा हक्क म्हणून मागता येत नाही. मोजता आलं की हक्क लिहिता येतो.

"लिहितात कुठे?" मामाने नव्या पत्र्यावर बोट ठेवलं. कारखान्यातून निघताना कॉइलवर छाप असतो. कापून, दोन दुकानांतून फिरून आलेल्या या सपाट पत्र्यावर काहीच नव्हतं. "तुझ्या गेजने मोजलेला आकडा इथपर्यंत पोचलाच नाही. इथे दुकानदाराचा शब्द पोचला."

त्या दुपारचं मला सगळ्यात लागलेलं वाक्य ते. एक टक्क्याच्या थरथरीसाठी आम्ही रात्री जागवतो आणि पत्रा विकत घेणाऱ्याच्या हातात तो आकडा पडतसुद्धा नाही.

मामी जेवायला हाक मारून गेली. दोघंही उठलो नाही. मामाला अजून एक विचारायचं होतं, आणि चिंचणीत राहणाऱ्याने ते विचारावं हे साहजिक आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र इथून काही किलोमीटरवर, १९६९ पासून. या गावातल्या माणसाला रेडिएशन हा शब्द वर्तमानपत्रातून शिकावा लागत नाही.

"तुझ्या गेजमध्ये नळी आहे की सोर्स?"

"नव्या लाइनवर क्ष-किरणांची नळी. वीज बंद, किरण बंद. जुन्या लाइनवर अमेरिशियम-२४१ चा किरणोत्सर्गी सोर्स आहे."

"तो बंद होत नाही."

"नाही. शटर लावून झाकता येतो. अर्धायुष्य ४३२ वर्षं." मी त्याला सांगितलं की शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी कोणी तो सोर्स पेटीत ठेवला असता, तर आजही तो निम्म्याहून जास्त शिल्लक असता.

"आणि कारखाना किती वर्षं टिकतो?"

हा प्रश्न बरोबर होता. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झालं ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. भंगारवाल्यांनी ते उघडलं. एक माणूस गेला, आणखी सात जण आजारी पडले. तो सोर्स गेजमधल्या सोर्सच्या कितीतरी पट तीव्र होता, हे मी मामाला सांगितलं. पण ते सांगून माझंच समाधान झालं नाही. चूक ताकदीची नव्हती. आपल्याकडे काय ठेवलंय याची याद कोणी ठेवली नाही, ही चूक होती.

आमच्याकडे काय काळजी घेतात, ते मी सांगितलं. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, रेडिएशन सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस, छातीला रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. माझा बॅज आजवर त्याच्या आसपासही गेलेला नाही. सोर्स निकामी झाला की भंगारात जात नाही. मंडळाला कळवून, मंजुरी घेऊन, पुरवणाऱ्याकडे परत जातो.

"कागद बरोबर आहेत," मामा म्हणाला. "तुमच्यातला तो जबाबदार माणूस निवृत्त झाला की पुढच्याला त्या पेटीसमोर उभं करून सांगा. कागदात सांगू नका."

मग त्याने आपला उजवा अंगठा पुढे केला. आतल्या बाजूला गुळगुळीत, सुरकुती नसलेली कातडी. तिथे ठसा उमटत नाही, आधार कार्ड काढताना त्याला दोन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. एकतीस वर्षांचं ॲसिड. "माझ्याकडे बॅज नव्हता," तो म्हणाला. "आम्ही धूर नाकाने मोजायचो." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. पण मी त्या अंगठ्याकडे पाहत राहिले. रोज तीन चकत्या, कधी तीस. दहा लाखांत सहा भाग मोजण्याची ती किंमत होती.

जेवण झाल्यावर मामाने पत्रा कापायची कात्री आणली. एक पत्रा हवा त्याहून फूटभर लांब होता, तेवढा तुकडा निघणारच होता. त्याने तो सरळ कापून घेतला, कंपासने त्यावर तीन वर्तुळं आखली, दोन कडांजवळ आणि एक मध्ये, ऐंशी मिलिमीटरची. कात्रीने गोल काढून कानशीने कडा साफ केल्या. पंचाची सफाई नव्हती, पण हात तोच होता. प्रत्येक चकतीवर त्याने पेन्सिलने डा, म, उ असं लिहिलं, मग लगेच पुसलं.

"ग्रॅफाइटचंही वजन असतं," तो म्हणाला आणि चकत्या तीन वेगवेगळ्या लिफाफ्यांत घातल्या, लिहिलं लिफाफ्यांवर.

"उद्या लॅबमध्ये देते," मी म्हणाले. "ॲसिडमध्ये घालायला सांगते."

"आधी तुमच्या गेजखाली ठेव. दोन्ही बाजू मोज, आकडे लिहून घे. मग काट्यावर, मग ॲसिड." लिफाफे माझ्या हातात देताना त्याने ते घट्ट धरून ठेवले होते. "उलटं करू नकोस. ॲसिडमधून निघाल्यावर गेजला ऐकायला काही उरत नाही."